एकशे साठ वेळा तेच वाक्य

थ्युबोरॉन, सोमवार, १२ नोव्हेंबर २०१२

रूने,

हे पत्र कागदावर लिहितेय, कारण तुझ्या यंत्रांवरचा माझा विश्वास उडालाय. मेल केला असता तर तोही तुझ्या केरसुणीने झाडून टाकला असता. पोस्टमन निदान पत्र वाचून, नापसंत पडलं म्हणून गटारात टाकत नाही.

आज सकाळी मी आयनरचा ब्लॉग उघडला. नऊ महिन्यांनी. फेब्रुवारीतच कॉम्प्युटरवर बशा पुसायचा टॉवेल टाकून ठेवला होता. परवा मोर्टेनच्या सणाला बदक भाजलं, एकटीनेच खाल्लं, आणि मनाशी म्हटलं, बस झालं, बाई, आता उघड. आज कॉफी केली, चष्मा पुसला, टॉवेल काढला.

तुझे काका गेल्याची बातमी मी टाकली होती त्या पानाखाली फेब्रुवारीत एकशे चौसष्ट लोकांनी लिहिलं होतं. हा आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. आज तिथे आकडा आहे चार. चार, रूने! आणि कोण आहेत हे चार? एक आमचे पाद्री, ज्यांना अर्धं पान भरल्याशिवाय चैन पडत नाही. दुसरा कोणी वीदसॅन्नचा, त्याला आयनरच्या होडीचं इंजिन विकायचं आहे का हे हवंय. म्हणजे माणूस अजून पुरला नाही आणि याला इंजिन! तिसरा कुठला परदेशी, तो सोन्याची घड्याळं स्वस्तात विकतोय. आणि चौथा प्रेबेन.

प्रेबेन! बंदर समितीचा अध्यक्ष. धक्क्यावरचं आयनरचं बाकडं उपटून तिथे गाड्या लावायला पांढऱ्या रेघा मारणारा प्रेबेन. आयनरसाठी अख्ख्या गावाने लिहिलेलं गेलं, आणि उरलं ते याचं.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय: 'हे पान केरसुणीने स्वच्छ ठेवलं आहे.' ही केरसुणी तुझीच ना? आयनरच्या ब्लॉगवर तूच बसवून दिली होतीस, 'मावशी, फुकट आहे, छान आहे' म्हणत. मग आता सांग, माझी माणसं कुठे गेली?

बोडिलमावशी


ऑर्हूस, शनिवार, १७ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

हाताने पत्र लिहिण्याची वेळ सैन्यातून सुटल्यापासून पहिल्यांदाच आलीये, तेव्हा अक्षर गोड मानून घे. तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणजे रागावली आहेस. रागावू नकोस, काय झालं ते सोपं आहे.

ब्लॉग चालवणाऱ्यांना सगळ्यात मोठा जाच असतो तो कचऱ्याचा. कोणीतरी यंत्र लावून एकच जाहिरात पन्नास-शंभर वेळा चिकटवतं. म्हणून मी केरसुणी केली. आधी ती फक्त संशयास्पद पत्ते ओळखायची. यंदाच्या आवृत्तीत मी एक नियम वाढवला: एकाच पानाखाली तीनपेक्षा जास्त वेळा तेच वाक्य आलं तर पहिलं ठेवायचं, बाकीची कचरापेटीत. टिंबं, बदाम, लहान-मोठी अक्षरं यांचा फरक ती धरत नाही, तेवढी ती हुशार आहे. तीस दिवसांनी पेटी आपोआप रिकामी होते. काकांच्या ब्लॉगवर ऑगस्टमध्ये हे अपडेट झालं.

आता गंमत बघ. तुझ्या त्या एकशे चौसष्टांपैकी एकशे एकसष्ट जणांनी एकच वाक्य लिहिलं होतं: 'त्यांच्या स्मृतीला मान असो.' अक्षरशः तेच. आजवर मी पाहिलेली ही सगळ्यात लांब पुनरावृत्ती! प्रेबेन सगळ्यांच्या आधी धावला म्हणून त्याचं राहिलं. घड्याळवाल्याने एकदाच लिहिलं, म्हणून तो सुटला. तो कसा सुटला ते मी शोधतो, तिथे खरंच खोट आहे.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मीही लिहिलं होतं, माझंही गेलं. पण मावशी, शांतपणे विचार केलास तर गेलं काय? एक वाक्य. आणि ते प्रेबेनच्या नावाखाली अजून शिल्लक आहे. तुला हवं तर गावातल्या लोकांची यादी दे, त्या पानावर मी सगळ्यांची नावं छान सजवून लावून देतो.

तुझा,
रूने


थ्युबोरॉन, बुधवार, २१ नोव्हेंबर

रूने,

'आता गंमत बघ' हे तू लिहिलंस. विधवेला लिहिलंस. तुझ्या आईला दाखवायला ते पत्र मी जपून ठेवलंय.

एक विचारते. तू जन्मलास कुठे? चंद्रावर? या देशात माणूस गेला की लोक दुसरं काय लिहितात रे? वर्तमानपत्रात तेच, फुलांच्या फितीवर तेच, शाळेच्या फळ्यावर तेच. माझी आजी गेली तेव्हा तेच होतं. तुझे आजोबा गेले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, आणि कार्डावर जीभ बाहेर काढून हेच वाक्य तू स्वतः लिहिलं होतंस. ते कार्ड माझ्याकडे आहे. लोकांना वेगळं सुचत नाही म्हणून ते तेच लिहीत नाहीत, अति शहाण्या! अशा वेळी वेगळं बोलून आपली हुशारी दाखवायची नसते, म्हणून लिहितात.

चौदा फेब्रुवारीला आयनरला चर्चमध्ये नेलं तेव्हा आमच्या गल्लीत अठरा घरांचे ध्वज अर्ध्यावर होते. अठरा. सगळे तांबडे, सगळ्यांवर पांढरा क्रॉस, सगळे अर्ध्यावर. तू असतास तर म्हणाला असतास, अरे, ही तर पुनरावृत्ती, पहिला ठेवा आणि सतरा खाली घ्या! पहिला कोणाचा होता सांगू? त्यातही प्रेबेनचाच.

आणि म्हणे, 'गेलं काय?' ऐक मग काय गेलं. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

मी ती वाक्यं वाचलीच नव्हती. एकही नाही. आकडा वाढताना बघत होते, सदतीस, नव्वद, एकशे चौसष्ट, पण नावं वाचायचा धीर होत नव्हता. कारण मला त्यांतलं एकच नाव शोधायचं होतं.

क्रेस्टेन. तुझा मावसभाऊ. २००७ साली त्याने आपल्या बोटीचा मासेमारीचा कोटा त्या बड्या कंपनीला विकला, बोट भंगारात गेली, आणि आयनर जेवणाच्या टेबलावरून उठला तो पुन्हा मुलाशी बोललाच नाही. हे तुला माहीत आहे. क्रेस्टेन नॉर्वेला समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला, हेही माहीत आहे. तो बापाच्या अंत्यविधीला आला नाही, हे तर सगळ्या गावाने पाहिलं. तुला जे माहीत नाही ते हे, की मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. त्या पानाखाली क्रेस्टेनने एक ओळ जरी लिहिली असेल तर मी त्याला फोन करीन, आणि पाच वर्षांचं सगळं गिळीन. नसेल लिहिली, तर नाही करणार. मग तो माझ्यापुरता संपला.

नऊ महिने मला पान उघडायचं धैर्य झालं नाही. उघडलं, तर तुझी केरसुणी आधीच फिरून गेलेली. आता सांग, तो लिहून गेला की नाही, हे मी कोणाला विचारू? घड्याळवाल्याला?

आणि नावं 'छान सजवून' लावायची भाषा पुन्हा काढलीस तर याद राख.

बोडिल


ऑर्हूस, सोमवार, ३ डिसेंबर

मावशी,

उत्तराला उशीर झाला. आधी शोधून मग लिहावं असं ठरवलं होतं. 

पहिल्यांदा एक दुरुस्ती. मी लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये अपडेट 'झालं'. ते आपोआप झालं नाही. मी केलं. घरच्या सगळ्यांचे ब्लॉग मीच सांभाळतो, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी बसून सगळ्यांवर नवी केरसुणी चढवली. काकांचं पान मी उघडून पाहिलंसुद्धा नाही. बटण दाबलं आणि पोहायला गेलो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. स्कॅगनच्या एका बाईंनी मला सप्टेंबरात लिहिलं होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पानावरची 'अभिनंदनं' सगळी नाहीशी झाली होती, एक सोडून. मी त्यांना उत्तर दिलं की केरसुणी नीट काम करते आहे, तिचं काम हेच आहे. आणि तक्रार बंद केली. बाईंनी पुन्हा लिहिलं, 'तुमच्याकडे लग्नात लोक काय लिहितात?' त्याला मी उत्तर दिलं नाही. केरसुणी नऊ हजार ब्लॉगांवर आहे, मावशी. किती लग्नं आणि किती मरणं तिने झाडली असतील याचा मी आता हिशोब करत नाही, करवत नाही.

ब्लॉग ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलाय तिच्याकडे रोज फोन केला. ते तीस दिवसांपलीकडची प्रत ठेवत नाहीत. मी स्वतः प्रत ठेवायला हवी होती, ठेवली नव्हती. तिकडून काही मिळणार नाही.

तू क्रेस्टेनला सरळ फोन करून का विचारत नाहीस? मी करू का?

पण काल एक गोष्ट लक्षात आली. पानाखाली कोणी काही लिहिलं की ब्लॉग त्याची प्रत मेलने पाठवतो, लिहिणाऱ्याचं नाव आणि वाक्य, दोन्ही. केरसुणी ब्लॉग झाडते, मेलला हात लावत नाही. आणि ही प्रत जाते ती बातमी ज्याच्या नावाने टाकली त्याला. म्हणून नीट आठवून सांग, काका गेल्याची बातमी तू कोणत्या कॉम्प्युटरवरून टाकलीस, आणि कोणाच्या नावाने?

रूने


थ्युबोरॉन, शनिवार, ८ डिसेंबर

रूने,

आयनरच्या कॉम्प्युटरवरून. कोणाच्या नावाने म्हणजे? तो उघडाच होता, मी बसले आणि लिहिलं. माझं नाव तिथे कुठे घालायचं असतं हे मला कोणी शिकवलं होतं?

म्हणजे आयनरच्या नावाने. म्हणजे लोकांनी लिहिलेलं एकेक सगळं आयनरला गेलं! आयनर वारला याबद्दल अख्ख्या गावाने आयनरचंच सांत्वन केलं आणि पत्रं त्याच्या पेटीत जाऊन पडली. तुम्ही लोक ही यंत्रं शुद्धीवर असताना बनवता का?

पासवर्ड मला माहीत नाही. ब्लॉग तो उघडा ठेवायचा, पण मेल मात्र दर वेळी बंद करून उठायचा, जसं काही सगळं बंदर त्याची पत्रं वाचायला टपलंय. मी बोटीचं नाव घालून पाहिलं, माझं नाव, आमच्या लग्नाची तारीख, कुत्र्याचं नाव. पाचव्या वेळी त्याने मला दिवसभरासाठी हाकलून दिलं. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर! खातं तूच उघडून दिलं होतंस ना? मग उघड.

क्रेस्टेनला फोन करून विचारू म्हणतोस. काय विचारू? 'बाप मेला तेव्हा लिहिलंस का रे?' आणि तो 'नाही' म्हणाला तर तो 'नाही' मी कुठे ठेवू? पान गप्प आहे ते परवडलं. आणि तू तर मुळीच करायचा नाहीस. आधीच केलेलं पुरे आहे.

काल बेकरीत प्रेबेन भेटला. राईचा पाव घ्यायला रांगेत उभी होते. तोंडभर हसत म्हणतो कसा, 'बोडिल, बघितलंस का, आयनरच्या पानावर माझंच तेवढं उरलंय. बाकीचे विसरले, मी नाही विसरलो.' गुद्रुन गल्ल्यावर होती, ती पांढरी पडली. तिने स्वतः लिहिलं होतं, पहिल्याच दिवशी. 'मावशी, मी लिहिलं होतं हो,' असं ती मला तीनदा म्हणाली. जसं काही मी तिच्यावर आळ घेतला होता. हे तुझ्यामुळे. मी पाव न घेताच घरी आले.

बोडिल


ऑर्हूस, गुरुवार, १३ डिसेंबर

मावशी,

खातं मी २००८ साली उघडून दिलं, पण काकांनी पासवर्ड माझ्यासमोरच बदलला. म्हणाले, 'तुला कशाला ठाऊक हवा?' मेल कंपनीने मयताच्या दाखल्याबरोबर चार फॉर्म मागितलेत. ते सोबत पाठवतो, सही कर. ते दोन-तीन महिने लागतील म्हणतात, आणि खातं वर्षभर कोणी उघडलं नाही तर ते बंद करतात. म्हणजे फेब्रुवारीची आठ तारीख. त्याच्या आत जमलं नाही तर तीही पत्रं जातील. हे तुला सांगावंसं वाटत नव्हतं, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

काका आकडे कधीच डोक्यात ठेवत नसत. त्यांनी कुठेतरी लिहून ठेवला असणार. पेन्सिलने. तू बघ.

आई विचारते, नाताळला येशील का?

रूने


थ्युबोरॉन, गुरुवार, ३ जानेवारी २०१३

रूने,

नाताळला आले नाही, कारण तुझ्या तोंडावर काय फेकून मारलं असतं याचा मला भरवसा नव्हता. तुझ्या आईला सांग, हेरिंगची बरणी पोचली.

पासवर्ड सापडला. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला भरती-ओहोटीचं छोटं पुस्तक टांगलेलं असतं. दर एक जानेवारीला आयनर जुनं काढून नवं लावायचा. परवा मी नवं लावलं, आणि जुनं टाकायच्या आधी सवयीने चाळलं. जानेवारीच्या पानावर, कडेला, पेन्सिलने. पासवर्ड काय आहे ते तुला सांगणार नाही. त्यात एक शिवी आहे, आणि ती प्रेबेनला उद्देशून आहे. घरात एकटी होते, मोठ्याने हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

पेटी उघडली. आयनरच्या नावे एकशे चौसष्ट, सगळी न उघडलेली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. नाव मोठ्याने वाचायचं, वाक्य मोठ्याने वाचायचं, मग पुढचं. गुद्रुन: त्यांच्या स्मृतीला मान असो. आमचे जुने डॉक्टर: त्यांच्या स्मृतीला मान असो. आयनरने ज्याला ऐंशी साली पाण्यातून ओढून काढलं तो आइसलँडचा माणूस, मोडक्या डॅनिशमध्ये: त्यांच्या स्मृतीला मान असो. शाळेतली सातवी ब, ज्यांना आयनर गाठी शिकवायला जायचा, एकेकाने स्वतंत्र लिहिलं होतं, तेच वाक्य, बावीस वेळा. सगळी दुपार गेली. तुला वाटेल, तेच तेच वाचून म्हातारी कंटाळली असेल. मला बावीसही कमी वाटली.

एक्केचाळिसावं, दहा फेब्रुवारी. नाव: क्रेस्टेन क्येर्गोर. पूर्ण नाव, आडनावासकट, परक्यासारखं. खाली तेच वाक्य, दुसरं काही नाही.

मला संताप आला. म्हटलं, शेजारच्यांनी लिहायचं ते बापाला लिहितोस? पण मी पुढे वाचत गेले. एकशे बारावं, चौदा फेब्रुवारी, म्हणजे आम्ही सगळे चर्चमध्ये होतो त्या वेळी. नाव: क्रेस्टेन. नुसतंच. तेच वाक्य.

आणि सगळ्यात शेवटचं, एकशे चौसष्टावं, वीस फेब्रुवारी. नाव: आयनरचा क्रेस्टेन. आमच्या धक्क्यावर आडनाव कोण विचारतो? लहानपणी त्याला सगळे असंच हाक मारायचे. खाली तेच वाक्य, तिसऱ्यांदा.

एका माणसाने एकच वाक्य तीनदा लिहिलं, रूने. तुझ्या यंत्राच्या हिशेबाने याहून मोठा कचरा नाही.

मी फोन केला. अकरा वेळा वाजला, मग उचलला. मी काय बोलले ते तुला सांगायचं कारण नाही. पण तो काय बोलला ते तू ऐकायलाच हवंस. तो म्हणाला, 'आई, मला वाटलं होतं, तू वाचशील आणि फोन करशील. नाही केलास. मग सप्टेंबरात पप्पांच्या वाढदिवसाला मी पुन्हा पान उघडलं. माझी तिन्ही नव्हती. प्रेबेनचं होतं. घड्याळं विकणाऱ्याचं होतं. मला वाटलं, तू बसून निवडून काढलीस. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं.'

चार महिने! चार महिने माझा मुलगा तिकडे नॉर्वेत, स्टावांगरला, एका खोलीत बसून समजत होता की आईने त्याला बापाच्या मरणावरूनही पुसलं. घड्याळवाल्याला ठेवलं आणि त्याला पुसलं. मी हाताने केलं असतं तर कुठल्या तोंडाने मेले असते? आणि तू पोहायला गेला होतास.

तो ईस्टरला येतोय. तेवढं पुरे.

आता तुझं. मी एकशे चौसष्टही नावं वाचली. पाद्री, इंजिनवाला, घड्याळवाला, प्रेबेन, सगळे आहेत. तुझं नाव नाही. मला वाटलं नजरचूक झाली असेल, म्हणून काल पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. नाही.

'मीही लिहिलं होतं, माझंही गेलं.' हे तू नोव्हेंबरात मला लिहिलंस. पत्र माझ्यासमोर आहे.

तुझ्या यंत्राने केलं ते मी एक वेळ सोडून देईन, यंत्राला आई-बाप नसतात. हे मात्र तू केलंस. आयनरने तुला सहा उन्हाळे बोटीवर नेलं, होडी वल्हवायला शिकवलं. तू त्याच्यासाठी एवढंसं वाक्य लिहिलं नाहीस, आणि वर माझ्याशी खोटं बोललास. का? सबबी नकोत, सरळ सांग.

बोडिल


ऑर्हूस, मंगळवार, ८ जानेवारी

मावशी,

क्रेस्टेनचं वाचून मी खुर्चीतून उठलो आणि खोलीत फेऱ्या मारत राहिलो. त्याला मी काल पत्र लिहिलं. क्षमा मागितली, तिच्यात 'पण' हा शब्द कुठेही घातलेला नाही. तो उत्तर देईल न देईल, ते त्याच्यावर.

केरसुणीतून तो नियम काढून टाकला. नुसता बंद केला नाही, काढला. नऊ हजार ब्लॉगवाल्यांना कळवलं की ऑगस्टपासून तुमच्या पानांवरून काय काय गेलं असेल, आणि ते माझ्यामुळे गेलं; मेलमध्ये प्रती शोधा, सापडतील. बऱ्याच जणांनी शिव्या दिल्या. स्कॅगनच्या बाईंना सगळ्यांच्या आधी लिहिलं. त्यांची 'अभिनंदनं' मेलमध्ये सापडली. त्यांनी उत्तरात एवढंच लिहिलं: 'मग, तुमच्याकडे लग्नात काय लिहितात?' मी लिहिलं, 'हेच.'

आता तू विचारलंस ते. फेब्रुवारीत मी ते पान उघडलं होतं. तेव्हा नव्वद-एक जणांनी लिहिलं होतं, सगळ्यांचं तेच वाक्य. मी तेच लिहून ठेवलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. मला वाटलं, काकांसाठी मी रांगेत उभा राहून हे छापील वाक्य टाकणार? मला बोटीवर नेणाऱ्या माणसाला? मी काहीतरी माझं, वेगळं, चांगलं लिहीन. दुसऱ्या दिवशी बसलो, सुचलं नाही. आठवड्याने बसलो, सुचलं नाही. मग लाज वाटू लागली, की आता इतक्या उशिरा काय लिहायचं. मे महिन्यात मी केरसुणीला तो नियम शिकवला, आणि तो मला फार हुशारीचा वाटला. आणि नोव्हेंबरात तू विचारलंस तेव्हा मी तुला खोटं सांगितलं, कारण कोणी तपासू शकणार नाही हे मला माहीत होतं. यापेक्षा सरळ मला सांगता येत नाही.

आजही बसलो होतो. आजही वेगळं काही सुचलं नाही, मावशी. ते ब्लॉगवर टाकलं तर पुन्हा काकांच्याच पेटीत जाईल, म्हणून इथे, तुझ्याकडे लिहितो.

त्यांच्या स्मृतीला मान असो.

रूने